पांगुळगाड्यांच्या घरातली भिंगरी

मित्रांनो, मी पांगुळगाडा. जुना आहे, पण मोडका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर जुना म्हटलं की लोक लगेच सरपणाच्या ढिगाकडे बघतात. तीन लाकडी चाकं, मधे एक चौकट आणि वर धरायला आडवी दांडी, एवढाच माझा संसार. उभं राहू पाहणाऱ्या बाळाच्या हातात ही दांडी देतात. बाळ ढकलतं, मी पुढे सरकतो, माझ्यामागे बाळ पाऊल टाकतं आणि घरातली माणसं म्हणतात, "चाललं गं बाई, चाललं." खरं तर तेव्हा चाललेला असतो मी. पण लहान तोंडी मोठा घास नको, म्हणून मी गप्प बसत आलो.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना आपला म्हणायला. पुढे दुकान, मागे राहतं घर, आणि दोन्हींच्या मधे कामाची मोठी खोली. त्या खोलीत भिंतीला करवती टांगलेल्या, कोपऱ्यात फळ्यांचा ढीग, आणि खाली सदान्‌कदा भुसा. फरशी धुताना पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून तिला अंगणाच्या दाराकडे थोडा उतार दिलेला होता. दाराला फरशीलगतचा बसका लाकडी उंबरा आणि त्याच्याखाली एक पायरी, मग अंगण.

मला ज्यांनी घडवलं ते मिस्त्री आता हयात नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलाला लहानपणी मोठं आजारपण आलं आणि त्यात त्याच्या पायातली ताकद गेली. पोर उभं राहायचं आणि कोसळायचं. बापानं चांगलं मुरलेलं लाकूड निवडलं, एकही खिळा न वापरता सांधे जुळवले, दांडी पोराच्या छातीशी येईल अशी बसवली आणि मला त्याच्यापुढे उभं केलं. तो मुलगा माझ्या आधारानं चालायला लागला. लंगडत चालला, पण चालला. आज तो दुसऱ्या गावी घड्याळं दुरुस्त करतो आणि दुकानात स्वतःच्या पायांनी जातो. ज्याला आधार हवा होता त्याला मी आधार दिला, याचा मला आजही अभिमान आहे.

हे सगळं त्याचा थोरला भाऊ बघत होता. तो पुढे मोठा झाला, दाढी पिकली, आणि आता सगळे त्याला मोठे मिस्त्री म्हणतात. लहानपणी जे बघितलं ते त्यांच्या मनात असं घट्ट बसलं की पटाशीनंसुद्धा निघेना. पांगुळगाडा पोराला चालवतो, हा त्यांचा सिद्धान्त. मग पोराचे पाय अशक्त असोत की ठणठणीत. त्यांनी माझ्यासारखे गाडे करायला घेतले, आणि बघता बघता आमचं दुकान त्यासाठीच ओळखलं जाऊ लागलं. लोक पत्ता सांगताना म्हणायचे, पांगुळगाडेवाल्यांच्या शेजारी, पांगुळगाडेवाल्यांच्या समोर.

घरात एक रीत पडली. घरातलं बाळ वर्षाचं होत आलं की मला कारखान्यातल्या फळीवरून खाली काढायचं, चाकांना तेल घालायचं आणि बाळाला माझ्यामागे उभं करून कारखान्यातून दुकानाच्या दारापर्यंत न्यायचं. गिऱ्हाइकं कौतुकानं बघायची. मोठे मिस्त्री म्हणायचे, "घरचं पोर हीच आमची पाटी." त्या दिवसांत माझा थाट काही विचारू नका. येणारा जाणारा माझी दांडी कुरवाळायचा.

मग घरातली मुलं मोठी झाली आणि मी परत फळीवर गेलो. वर्षं गेली. धूळ बसली. एका कुंभारीण माशीनं माझ्या चौकटीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधलं आणि मला न विचारता त्यात पोरंबाळं वाढवली. मी म्हटलं, असू दे, कुणाची तरी पिल्लं आपल्या अंगाखांद्यावर आहेत.

आणि मग भिंगरी जन्माला आली.

भिंगरी म्हणजे मोठ्या मिस्त्र्यांची नात. नाव त्यांनीच ठेवलं. पोर घरभर गरगर फिरेल अशी त्यांची आशा होती. पण वर्ष उलटलं तरी भिंगरी उभी राहायचं नाव घेईना. ती आधी पालथी पडली, मग पोटावर सरकली, मग चार पायांवर रांगायला लागली, आणि तिथेच रमली. नाव भिंगरी आणि मुक्काम फरशीवर, असं लोक म्हणायला लागले.

मला खाली काढायची वेळ झाली तेव्हा तिची आई आडवी आली.

तिची आई म्हणजे घरची सूनबाई. ती एका गवळ्याची मुलगी. गोठ्यात वाढलेली, बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की तिच्यापेक्षा अडून बसलेली म्हैस हलवणं सोपं, अशी. ती म्हणाली, "बाबा, तिला गाड्याला लावू नका. ती उठायची तेव्हा उठेल."

मोठ्या मिस्त्र्यांच्या हातात तेलाची बुधली होती. ते तसेच थांबले. "म्हणजे?"

"आमच्या गोठ्यात वासरू जन्मलं की ते उठायला धडपडतं. पडतं, परत उठतं. तेव्हा माझे वडील हात मागे बांधून उभे राहायचे. म्हणायचे, आपण उचललं तर ते उभं दिसेल, पण त्याला उभं राहणं कळणार नाही."

"सूनबाई, वासराला चार पाय असतात."

"हिलाही सध्या चारच आहेत, बाबा."

आजी, म्हणजे मिस्त्र्यांची बायको, तोंडाला पदर लावून हसली. मिस्त्र्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी बुधली खाली ठेवली आणि जेवायला बोलावलं तरी आले नाहीत.

सूनबाईच्या वागण्यातल्या आणखी पुष्कळ गोष्टी घराला खटकायच्या. भिंगरी पडून रडली की आजी धावत यायची, फरशीला दोन चापट्या मारायची आणि म्हणायची, "हात गं फरशी, आमच्या सोनीला मारलंस?" सगळीकडेच आज्या असं करतात. पण सूनबाई म्हणायची, "आई, फरशीनं काही केलं नाही. ती आपली जागेवरच होती. तिला कळू दे की हात सुटला की पडायला होतं." आजीला हे फार लागलं. फरशीला मारायचं नाही, पोराला उचलायचं नाही, मग आजी व्हायचं तरी कशाला, असं ती शेजारणीला म्हणाली.

सूनबाईनं खेळणीही आणली नाहीत. कारखान्याच्या एका बाजूला तिनं गोणपाट अंथरलं, टोकदार हत्यारं उंचावर टांगली, आणि भिंगरीला लाकडाचे खरे तुकडे दिले. जड तुकडे, हलके तुकडे, खरखरीत, गुळगुळीत. रंध्यातून निघालेल्या गोल सालींचा ढीग दिला. भिंगरी त्यातली एक साल उलगडायची, ती परत गुंडाळी व्हायची, ही परत उलगडायची. असं करता करता सकाळ जायची. मी फळीवरून बघत होतो आणि, खोटं कशाला सांगू, मला तिचा राग येत होता. माझ्यासारखा अनुभवी गाडा घरात असताना ही पोरगी सालींशी खेळते, हा माझा उघड अपमान होता.

भिंगरीचे वडील, म्हणजे धाकटे मिस्त्री, दोन फळ्यांमधल्या सरसासारखे होते. दोन्हीकडून दाब आणि सुटका नाही. बापासमोर म्हणायचे, "बाबांचं बरोबर आहे." बायकोसमोर म्हणायचे, "तुझंही चूक नाही." एकटे असले की जोरजोरात करवत चालवायचे.

त्यांनीच एकदा पोरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी भिंगरीचे पाय हलवून बघितले, कंबर दाबून बघितली, तिला टेबलावर रांगायला लावलं. म्हणाल्या, "पाय उत्तम आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी असते. हिची यायची आहे. काही वेगळं वाटलं तर परत आणा." सूनबाई निश्चिंत झाली. मोठे मिस्त्री झाले नाहीत. रात्री आजीजवळ ते एवढंच बोलले, "माझा भाऊसुद्धा असाच बसून असायचा." तेव्हा मला समजलं की या माणसाच्या हट्टाच्या आत भीती आहे.

ठिणगी पडली ती शिंपीणबाईंमुळे. गल्लीतल्या शिंप्याची ही बायको जिभेनं जरा सढळ. तिचा मुलगा भिंगरीच्याच वयाचा. त्याला सगळे लाडानं गड्डू म्हणायचे. त्याला बसता येऊ लागलं न लागलं तोच त्यांनी आमच्याकडून नवा गाडा नेला होता आणि गड्डू त्यामागे गल्लीभर दुडुदुडु धावायचा. एक दिवस शिंपीणबाई दुकानात चाक बदलून घ्यायला आल्या. आत गोणपाटावर बसलेल्या भिंगरीकडे बघून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "मिस्त्री, आमची पोरं चालवता आणि घरचं पोर बसवून ठेवता, हा काय प्रकार?"

मोठ्या मिस्त्र्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चाक बदलून दिलं, बाईंना दारापर्यंत सोडलं, आणि मग कारखान्यात येऊन सगळ्यांना बोलावलं. आवाज चढवला नाही. तेच जास्त वाईट होतं.

"सूनबाई, आता हे पुरे. पोरीला गाड्याला लावायची."

"थोडं थांबा, बाबा."

"किती थांबू? थांबून थांबून तिचे पाय वाळले तर तू नवे देणार आहेस?"

सूनबाईचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. म्हणाली, "थंडी सरेपर्यंत थांबा. तोवर ती स्वतःहून चालली नाही, तर तुम्ही म्हणाल तसं. गाड्याला लावा, काय हवं ते करा. तिनं कसं वाढायचं ते तुम्ही ठरवा. मी तोंड उघडणार नाही. पण तोवर तिला कुणी उभं करायचं नाही. बोट धरूनसुद्धा नाही."

मिस्त्र्यांनी कपड्यांवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "ठरलं." आजीनं कपाळाला हात लावला. धाकटे मिस्त्री करवत शोधायला गेले.

अशी पैज लागली, मित्रांनो. एका बाजूला मोठे मिस्त्री, त्यांचं सगळं आयुष्य आणि मी. दुसऱ्या बाजूला गवळ्याची मुलगी आणि तिच्या कडेवरून खाली उतरलेली एक पोर. हरली तर सूनबाईच्या हातातून तिची लेक जाणार होती. म्हणजे घरातच राहणार होती, पण वाढणार होती दुसऱ्याच्या हुकमानं. आईला ते कसं वाटत असेल, हे तुम्ही तुमच्या आईला विचारा.

त्या हिवाळ्यात मी फळीवरून जे बघितलं तसं आधी कधी बघितलं नव्हतं. कारण आधी मी नेहमी कामात असायचो.

पहिल्यांदा भिंगरी फळ्यांच्या ढिगाशी गेली. खालची फळी धरली, गुडघा वर टाकला, घसरली. परत टाकला. दुपारपर्यंत तिचं तेच चाललं होतं. सूनबाई बाजूला बसून धान्य निवडत होती. दिसायला धान्य निवडत होती, पण मी वरून बघत होतो, तिनं खडे ठेवले आणि दाणे फेकले. एवढा तिचा जीव टांगणीला लागलेला. तरी ती जागची हलली नाही. संध्याकाळी भिंगरी पहिल्या फळीवर चढून बसली आणि तिनं खाली बघितलं. उतरायचं कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं रडं काढलं.

मोठे मिस्त्री रंधा टाकून धावले. सूनबाई म्हणाली, "बाबा, मी आहे." ती फळीशी गेली, हात पुढे करून उभी राहिली, पण उचललं नाही. पोर पडलीच तर झेलायला हात तयार होते, एवढंच. भिंगरी रडून रडून दमली. मग ती उलटी फिरली, पोटावर झोपली आणि एक पाय खाली सोडून जमीन शोधू लागली. अंगठा फरशीला टेकला तशी ती गप्पच झाली. मग दुसरा पाय आला. खाली आल्यावर तिनं आईकडे बघितलंसुद्धा नाही. लगेच परत वर चढायला लागली.

त्यानंतर तिनं चढणं-उतरणं असं काही चालवलं की विचारू नका. फळ्या झाल्या, लाकडी पेटी झाली, अंगणाच्या दाराची पायरी झाली. उंबऱ्याशी आली की उलटी वळायची, पाय आधी, डोकं मागून. मोठे मिस्त्री तिरक्या नजरेनं बघायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं की लगेच रंध्यात तोंड घालायचे.

एकदा सूनबाई कपडे वाळत घालायला गेली होती. मिस्त्र्यांनी इकडे तिकडे बघितलं, हळूच नातीपुढे आपलं जाड बोट धरलं आणि म्हणाले, "चल, दाखव आजोबांना." भिंगरीनं बोट धरलं. मिस्त्र्यांनी ते वर उचललं. पोरीनं दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि बोटाला लोंबकळली. मिस्त्र्यांनी खाली ठेवलं की पाय पसरून बसायची, उचललं की परत पाय पोटाशी. शेवटी त्यांनाच हसू फुटलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "तू बोलू नकोस," असं ते मला म्हणाले. मी कशाला बोलतोय? मी त्यांच्याच पक्षाचा होतो.

पण माझा पक्ष आतून डळमळायला लागला होता. कारण मी आणखी एक गोष्ट बघितली. गड्डू आपला गाडा घेऊन दुकानातून थेट कारखान्यात आला होता. नुकतीच धुतलेली फरशी ओली होती. गाडा सुटून पुढे गेला आणि गड्डू तसाच तोंडावर पडला. हात पुढे टाकायचे असतात हेच त्याला माहीत नव्हतं, कारण त्याचे हात कायम दांडीवर असायचे. हनुवटीतून रक्त आलं. बिचारी शिंपीणबाई घाबरून पांढरी पडली. सूनबाईनं तिला बसवलं, गड्डूची हनुवटी स्वच्छ धुतली, थंड पाण्याची पट्टी धरली. एक शब्दसुद्धा लावून बोलली नाही. तेवढ्यात भिंगरी रांगत तिकडे आली, त्याच ओल्या जागेवर तिचा हात घसरला, आणि ती कूस वळवून बुडावर बसली. रडली नाही. ओल्या तळव्याकडे बघत राहिली.

हे मोठ्या मिस्त्र्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणाच्या दाराचा उंबरा रंध्यानं घासून त्याची धार गोल केली. मग पायरीची कडा. मग फळ्यांच्या ढिगातल्या कुसळं असलेल्या फळ्या वेगळ्या काढल्या. आजीनं विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाले, "डोळ्यांना खुपत होतं." आजी सूनबाईकडे बघून नुसती हसली.

दिवस गेले. पहाटेची बोटं वाकडी करणारी थंडी गेली, मग सकाळची गेली. फरशीला पाय लावला तरी अंगावर काटा येईना. भिंगरी अजून चारच पायांवर होती.

तुम्हाला वाटेल, मिस्त्री विरघळले होते, मग त्यांनी पैज सोडून द्यायची. पण ते शब्दाचे पक्के होते आणि मनात ती जुनी भीती अजून होतीच. भावाचे पाय त्यांनी विसरायचे म्हटलं तरी विसरता येत नव्हते. एका सकाळी त्यांनी मला फळीवरून खाली काढलं. कुंभारीण माशीचं रिकामं घर हलक्या हातानं खरवडलं. मग तेलाची बुधली घेतली. एरवी दोन थेंब घालायचे. त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून की काय, त्यांनी चाकांना तेल अगदी सढळ हातानं घातलं. चाळीस वर्षं गाडे करणाऱ्या माणसाच्या हातून अशी चूक होत नाही. त्या दिवशी झाली.

कारखान्यात सगळे जमले. आजी, धाकटे मिस्त्री, आणि काय होतंय ते बघायला आलेल्या शिंपीणबाई. गड्डू त्यांच्या कडेवर. सूनबाई स्वतः भिंगरीला घेऊन आली. तिनं शब्द दिला होता, म्हणून ती गप्प होती. तिनं लेकीला फरशीवर ठेवलं, झबलं नीट केलं आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. मला तेव्हा पहिल्यांदाच वाटलं की मी या घरात नसतो तर बरं झालं असतं.

मोठ्या मिस्त्र्यांनी भिंगरीला काखेत धरून उभं केलं आणि तिचे हात माझ्या दांडीवर ठेवले. तिनं दांडी धरली. अख्खा हिवाळा ती मला खालून बघत होती; आता कुठे मी हाताला लागलो होतो. तिनं मला ढकललं.

आणि मी सुटलो. तेलानं बुळबुळीत झालेली चाकं, दाराकडे उतरती फरशी, मी थांबणार कसा? दांडी तिच्या हातातून निसटली. गड्डूसारखी ती तोंडावर पडली असती, पण तिनं गुडघे मुडपले आणि टपकन बुडावर बसली. मी गडगडत उंबऱ्यावरून गेलो, पायरीवर आदळलो आणि अंगणात उताणा पडलो. चाकं वर, गरगर फिरत असलेली. एवढ्या वर्षांची अब्रू धुळीला मिळाली.

मिस्त्री तिला परत उभं करायला वाकले. पण भिंगरीचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. तिला गाडा हवा होता, आणि गाडा पळून गेला होता. तिनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले, ढुंगण वर केलं, आणि हळूहळू हात सोडले. उभी राहिली. मधोमध. भिंत नाही, बोट नाही, दांडी नाही. जराशी डुलली, आणि चालायला लागली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात कितीतरी पोरं माझ्यामागे चालली. पण मी पुढे आणि पोर मागे, म्हणून चालणाऱ्या पोराचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. मला ठाऊक होती फक्त घट्ट आवळलेली बोटं. त्या दिवशी अंगणात उताणा पडल्या पडल्या, उघड्या दारातून, मी तो चेहरा पहिल्यांदा बघितला. ती माझ्याकडे येत होती. हात दोन्ही बाजूंना उघडलेले, जीभ ओठांवर आलेली, आणि डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही. असं वाटलं की एखादी राणी आपलंच राज्य बघायला निघाली आहे.

ती उंबऱ्याशी पोचली तसा मिस्त्र्यांच्या तोंडून आवाज फुटला. पुढे पायरी होती. ते झेपावले. सूनबाईनं त्यांची बाही धरली.

"बाबा, थांबा. तिला येतं."

मिस्त्री थांबले. ते थांबले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. हात पुढे केलेले, पण तिथेच थांबलेले. भिंगरी उंबऱ्यावर बसली, उलटी वळली, एक पाय सोडला, दुसरा सोडला, पायरी उतरली. अंगणात परत तळवे टेकून उठली. माझ्यापाशी आली, वाकली आणि माझं चाक बोटानं फिरवलं. मग चाक फिरताना बघून ती जी हसली, तसं हसणं मी आजवर ऐकलेलं नाही.

मिस्त्री उंबऱ्यावर मटकन बसले. सूनबाई त्यांच्याशेजारी बसली. दोघांचेही गाल ओले. आजी म्हणाली, "आता रडता काय दोघं? पोर चालली ना." धाकटे मिस्त्री जन्मात पहिल्यांदा बापासमोर मोठ्यानं म्हणाले, "माझ्या बायकोचं बरोबर होतं."

"होतं," मोठे मिस्त्री म्हणाले. मग सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोर तुझी आहे. तूच वाढव. मी उंबरे घासून देईन."

शिंपीणबाईंनी गड्डूला कडेवरून खाली फरशीवर ठेवलं. तो आधी रडला. मग त्याला रंध्याची साल सापडली. ती उलगडली की परत गुंडाळी होते, हे बघून तो गप्प झाला. पुढे महिनाभर तो आमच्याकडेच रांगायला येत होता. राहून गेलेलं सगळं त्यानं भरून काढलं आणि एक दिवस गोणपाटावरून उठून आपल्या आईकडे चालत गेला. शिंपीणबाईंनी ते गल्लीत इतक्या वेळा सांगितलं की लोक त्यांना टाळायला लागले.

आता तुम्ही विचाराल, दुकानाचं काय झालं? दुकान जोरात चालू आहे. फक्त आमच्याकडे उलटा कारभार आहे. कुणी आई-बाप कडेवर पोर घेऊन येतात आणि म्हणतात, "मिस्त्री, याला चालायला शिकवायचंय, गाडा द्या." मिस्त्री आधी पोराचे पाय नीट बघतात. ज्याच्या पायांना खरंच आधार हवा असतो, त्याला ते डॉक्टरीणबाईंकडे पाठवतात, आणि त्या सांगतील तसा, त्याच्या मापाचा गाडा जीव लावून करून देतात. बाकीच्यांना म्हणतात, "अजून चालत नाही? मग घरी न्या. चालायला लागला की या."

"अहो, चालायला लागल्यावर गाडा कशाला?"

"माल वाहायला," मिस्त्री म्हणतात. आणि ते खरं आहे. आता प्रत्येक गाड्यावर ते एक खोकं बसवतात. चालणारी पोरं त्यात दगड भरतात, माती भरतात, मांजराचं पिल्लू बसवतात आणि मन मानेल तिकडे नेतात. माझ्यावरही खोकं बसलं आहे. भिंगरी रोज कारखान्यातल्या साली माझ्यात भरून अंगणात ओतते आणि अंगणातून परत आत आणते. धाकटे मिस्त्री म्हणतात, या कामातून निष्पन्न काय? भिंगरीला विचारा, ती सांगेल, पुष्कळ आहे. या वयात मला एवढं काम मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. दांडी झिजली, एक चाक किंचित कुरकुरतं, पण मी खूश आहे.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात नाहीतर शेजारी एखादं छोटं माणूस उठू बघत असेल. त्याला ओढून उभं करू नका. फरशी पुसा, टोकदार वस्तू उचला, उंबऱ्याची धार घासा, आणि मग जवळच, पण हात मागे बांधून, बसून राहा. हे फार कठीण काम आहे. मोठ्या मिस्त्र्यांसारख्या कसलेल्या कारागिराला ते शिकायला एक अख्खा हिवाळा लागला. पण तुम्ही थांबलात, तर ते छोटं माणूस एक दिवस कुणाच्याही परवानगीशिवाय उठेल आणि तुमच्याकडेच चालत येईल. तेव्हा तुम्ही समोर असा.